मनाची पाटी आणि उधारीचे हिशेब

घरात पैशाची ओढाताण सुरू असली की नेमक्या त्याच दिवसांत बारीकसारीक चुका वाढतात. दूध उतू जाते. बीपीची गोळी घ्यायची राहते. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख उलटून गेल्यावर आठवते. परीक्षेला बसणारा मुलगा एकच पान तिसऱ्यांदा वाचतो आणि तरी त्यातले काही डोक्यात शिरत नाही. मग घरातलेच कोणीतरी म्हणते, "लक्ष कुठे असते तुझे?" बाहेरचे लोक त्याच्याही पुढे जातात. गरिबांना शिस्त नसते, उद्याचा विचार नसतो, म्हणून ते गरीब राहतात, असा निकाल देऊन मोकळे होतात.

या निकालाला मानसशास्त्राने गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तपासून पाहिले. लक्ष, भावना, काम करण्याची उमेद आणि रोजची वागणूक यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, यावर प्रयोगशाळेत आणि प्रत्यक्ष गावांत अभ्यास झाले. त्यातले काही महत्त्वाचे अभ्यास आपल्याच देशातले आहेत. तमिळनाडूतले ऊस शेतकरी, ओडिशातल्या पत्रावळ्या लावणारे मजूर, चेन्नईतले कमी पगारावर काम करणारे लोक आणि उत्तर प्रदेशातली शाळकरी मुले त्यात सहभागी होती. या अभ्यासांतून काय कळते आणि त्याचा आपल्या घरात काय उपयोग करता येईल, ते या लेखात पाहू.

पाटी लहान, हिशेब मोठा

आपली स्मृती एकाच प्रकारची नसते. लहानपणीचे घर, शाळेतली कविता, नातेवाइकांची नावे ही वर्षानुवर्षे साठून राहतात. पण आत्ता, या क्षणी चाललेल्या कामासाठी मन एक छोटी पाटी वापरते. भाजीवाल्याने सांगितलेले तीन भाव लक्षात ठेवून त्यांची बेरीज करायची, डॉक्टरांचे बोलणे ऐकता ऐकता विचारायचा प्रश्न धरून ठेवायचा, गणिताची मधली पायरी विसरू द्यायची नाही, हे सगळे या पाटीवर चालते. मानसशास्त्रात तिला कार्यस्मृती म्हणतात.

ही पाटी फार लहान असते. १९५६ मध्ये जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी धरून ठेवू शकतो असे मांडले. पुढच्या संशोधनात हा आकडा आणखी खाली आला. मनात उजळणी करायला वाव दिला नाही तर बहुतेकांना चारच्या आसपास गोष्टी धरता येतात. श्रीमंत असो वा गरीब, पदवीधर असो वा अंगठाबहाद्दर, पाटी सगळ्यांचीच लहान.

आता या पाटीच्या एका कोपऱ्यात कोणी कायमचा मजकूर लिहून ठेवला तर? सोमवारी फायनान्सचा हप्ता आहे, दुकानदाराची उधारी आहे, मुलीची फी आहे, वीजबिल थकले आहे. हा मजकूर आपण मुद्दाम लिहीत नाही आणि ठरवून पुसताही येत नाही. तो तिथेच राहतो आणि उरलेल्या जागेत रोजची कामे भागवावी लागतात. शिवाय ताणाचा मेंदूवर थेट परिणाम होतो. कपाळामागचा मेंदूचा भाग विचार करणे, थांबणे, निवड करणे ही कामे पाहतो. जो ताण आपल्या हातात नाही असे वाटते, त्या ताणात या भागाचे काम मंदावते आणि सवयीने, घाईने वागणे वाढते. म्हणूनच चिंतेत असलेला माणूस चटकन चिडतो, विसरतो आणि जवळचे तेवढेच पाहतो.

एकच शेतकरी, दोन परीक्षा

ही गोष्ट सिद्ध कशी करायची? श्रीमंतांची आणि गरिबांची तुलना केली तर शाळा, आहार, आरोग्य असे शंभर फरक मध्ये येतात. आनंदी मणी, सेंधिल मुल्लाइनाथन, एल्दार शफीर आणि जियायिंग झाओ या संशोधकांनी यावर चांगला मार्ग काढला. त्यांनी माणसाची तुलना त्याच्याशीच केली.

तमिळनाडूतल्या ५४ गावांमधले ४६४ ऊस शेतकरी त्यांनी निवडले. हे लहान शेतकरी होते आणि त्यांच्या मिळकतीचा मोठा भाग उसावरच अवलंबून होता. उसाचा पैसा वर्षातून एकदा हातात येतो. तोडणीनंतरचे काही महिने बरे जातात आणि तोडणीच्या आधीचे महिने ओढगस्तीचे. अभ्यासातही हेच दिसले. तोडणीपूर्वी शंभरातल्या ७८ शेतकऱ्यांनी घरातली काही ना काही वस्तू गहाण टाकलेली होती, तोडणीनंतर फक्त चौघांची वस्तू गहाण होती. कर्ज तोडणीपूर्वी जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यावर होते, नंतर शंभरात तेरा जणांच्या.

या शेतकऱ्यांना तोडणीपूर्वी आणि तोडणीनंतर अशा दोन वेळा कसोट्या दिल्या. पहिली कसोटी आकृत्यांची. आकृत्यांच्या रांगेत एक जागा रिकामी असते, तिथे कोणती आकृती बसेल ते ओळखायचे. दुसरी लक्ष आवरण्याची. समोर एकच आकडा काही वेळा लिहिलेला असतो, समजा ५ ५ ५. उत्तर 'तीन' द्यायचे, कारण आकडे तीन आहेत. तोंडात मात्र आधी 'पाच' येते. ते आवरावे लागते. अक्षरओळख कमी असली तरी ही कसोटी देता येते.

निकाल स्पष्ट होता. आकृत्यांच्या कसोटीत तोडणीपूर्वी सरासरी ४.३५ उत्तरे बरोबर आली, तोडणीनंतर ५.४५. आकड्यांच्या कसोटीला तोडणीपूर्वी सरासरी १४६ सेकंद लागले, तोडणीनंतर १३१ सेकंद, आणि चुकाही कमी झाल्या. माणूस तोच, शाळा तेवढीच शिकलेला, गाव तेच. बदलली होती फक्त घरातली पैशाची स्थिती.

एक शंका येईल. तोडणीनंतर ऋतू बदलला, काम हलके झाले, म्हणून तर फरक पडला नसेल? साखर कारखाने सगळ्यांचा ऊस एकदम घेऊ शकत नाहीत, त्यामुळे त्या भागात तोडणी काही महिने टप्प्याटप्प्याने चालते. एकाच महिन्यात कोणाचा ऊस गेलेला असतो, कोणाचा उभा असतो. त्यामुळे ऋतूचा परिणाम वेगळा काढता आला. हा अभ्यास २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्याच शोधनिबंधात अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या एका मॉलमधला प्रयोगही आहे. तिथे आलेल्या लोकांना सांगितले, समजा तुमची गाडी बिघडली आणि दुरुस्तीला १५० डॉलर लागणार आहेत, तुम्ही काय कराल? दुसऱ्या गटाला हाच प्रश्न १,५०० डॉलरचा खर्च सांगून विचारला. उत्तराचा विचार मनात घोळत असतानाच त्यांना कसोट्या दिल्या. खर्च छोटा होता तेव्हा गरीब आणि सुखवस्तू लोकांचे गुण सारखेच आले. खर्च मोठा सांगितला तेव्हा सुखवस्तू लोकांचे गुण जसेच्या तसे राहिले, गरिबांचे घसरले. खिशातून एक पैसाही गेला नव्हता. नुसता विचार पुरेसा ठरला. चिंतेने होणारी ही घसरण एका रात्रीची पूर्ण झोप बुडाल्यावर होते त्या तोडीची असल्याचे संशोधकांनी म्हटले आहे.

पत्रावळ्या आणि चार दिवस आधी मिळालेली मजुरी

कसोटीतले गुण वेगळे आणि पोटापाण्याचे काम वेगळे, असेही कोणी म्हणेल. त्याचे उत्तर ओडिशातून मिळाले. सुप्रीत कौर, सेंधिल मुल्लाइनाथन, सुआना ओह आणि फ्रँक शिलबाख यांनी पानांच्या पत्रावळ्या लावणाऱ्या मजुरांबरोबर प्रयोग केला. दिवस शेतीची कामे नसलेल्या मोसमातले, म्हणजे हातात पैसा नसलेले. मजुरी नगावर होती, जितक्या पत्रावळ्या तितके पैसे. काही मजुरांना त्यांच्या कमाईचा मोठा हिस्सा काम संपण्याच्या काही दिवस आधी दिला. बाकीच्यांना शेवटी. एकूण मजुरी सगळ्यांना सारखीच मिळणार होती, फरक फक्त कधी मिळाली याचा.

पैसे आधी मिळालेल्यांनी ते प्रथम उधारी फेडायला आणि घरात धान्य भरायला वापरले. दुसऱ्या दिवसापासून त्यांचे काम वाढले, साधारण पाच ते सात टक्क्यांनी. सर्वांत गरीब मजुरांमध्ये ही वाढ जास्त होती. कामातल्या चुकाही कमी झाल्या. दर वाढवला नव्हता, मुकादमाने कोणाला हाकलले नव्हते. डोक्यातला उधारीचा हिशेब मिटला आणि हात मोकळेपणाने चालू लागले.

उचल घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्याकडच्या जोडप्यांचा विचार केला तर या निष्कर्षाचे वजन कळते. त्यांचा हंगाम सुरू होतो तोच कर्जाने. पहिल्या दिवसापासून पाटी भरलेली असते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या विषयावरचे सगळेच अभ्यास एका दिशेने गेलेले नाहीत. अमेरिकेत पगाराच्या आधी आणि पगारानंतर लोकांच्या कसोट्या घेतल्या, तेव्हा २०१६ च्या एका अभ्यासात बुद्धीच्या कामात फरक आढळला नाही. टंचाईची नुसती आठवण करून देणारे प्रयोगशाळेतले काही प्रयोग पुन्हा केले तेव्हा पहिल्यासारखे निकाल आले नाहीत. त्यामुळे पैशाची प्रत्येक चणचण माणसाची बुद्धी गुंग करते असे म्हणणे चुकीचे ठरेल. पगार दोन दिवसांवर आला आहे हे ठाऊक असणे आणि घरातली वस्तू गहाण पडलेली असणे, या दोन्हींचा भार सारखा नसतो.

जात पुकारली तेव्हा

पाटीवर जागा अडवणारी गोष्ट फक्त पैसा नसते. समोरचा आपल्याला कोणत्या नजरेने पाहतो, ही धास्तीही जागा अडवते.

अर्थशास्त्रज्ञ कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी २००३ मध्ये उत्तर प्रदेशच्या हरदोई जिल्ह्यात सहावी-सातवीतल्या ६४२ मुलांबरोबर प्रयोग केला. निम्मी मुले उच्च मानल्या जाणाऱ्या जातींतली, निम्मी दलित. सहा-सहा मुलांचे गट केले आणि प्रत्येकाला वाट शोधण्याच्या चक्रव्यूहाच्या आकृत्या सोडवायला दिल्या. जितक्या सुटतील तितके पैसे मिळणार होते. काही गटांत मुलांची ओळख जाहीर केली नाही. तिथे दलित मुलांनी आणि सवर्ण मुलांनी सारख्याच आकृत्या सोडवल्या. दोन्हींत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

दुसऱ्या काही गटांत सुरुवातीला प्रत्येक मुलाचे नाव, गाव, वडिलांचे नाव, आजोबांचे नाव आणि जात मोठ्याने वाचून दाखवली. मुलाने फक्त मान हलवायची. कागद तोच, वेळ तेवढीच, बक्षीस तेवढेच. पण आता दलित मुलांचे गुण खाली आले आणि दोन गटांत ठळक अंतर पडले.

या एका प्रयोगाने जन्मजात गुणवत्तेच्या जुन्या बडबडीला उत्तर मिळते. अंतर मुलांच्या डोक्यात आधीपासून असते तर ते जात न सांगताही दिसायला हवे होते. ते जात पुकारल्यावर तयार झाले. यामागे दोन गोष्टी असू शकतात. आपल्यावरचा शिक्का आपण खरा ठरवणार की काय, ही धास्ती मनात सुरू होते आणि पाटीवरची जागा खाते. किंवा मुलाला अनुभवाने ठाऊक असते की येथे आपल्याला न्याय मिळणार नाही, मग जीव तोडून मेहनत कशाला करायची. दुसरे कारण असेल तर त्याला आळस म्हणता येणार नाही. जगाने शिकवलेला तो हिशेब आहे.

अमेरिकेत क्लॉड स्टील आणि जोशुआ ॲरनसन यांनी १९९५ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांबाबत असाच परिणाम दाखवला होता. ही परीक्षा तुमची बुद्धी मोजते, असे सांगितले की त्यांचे गुण घसरत. हाच पेपर नुसता कोडी सोडवण्याचा अभ्यास म्हणून दिला की घसरण कमी होई. पुढे मोठ्या अभ्यासांत हा परिणाम पहिल्याइतका मोठा दिसला नाही, आणि कोणत्या परिस्थितीत तो दिसतो यावर आजही वाद आहे. पण वर्गात जात विचारून मुलाला उभे करणे, शिष्यवृत्तीच्या मुलांची यादी सगळ्यांसमोर वाचणे, आडनाव ऐकून चेहरा बदलणे यांनी मुलाचे काय होते, हे आपल्या वस्तीतल्या कोणत्याही आईला प्रयोगाशिवाय ठाऊक आहे. प्रयोगाने त्याला मोजमाप दिले एवढेच.

झोपेचा हिशेब

थकलेल्या मेंदूची पाटी आणखी लहान होते. चेन्नईत पेद्रो बेसोन, गौतम राव, फ्रँक शिलबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी उत्पन्न असलेल्या ४५२ लोकांची झोप मनगटावरच्या यंत्राने मोजली. हे लोक रात्री अंथरुणावर साधारण आठ तास असत, पण प्रत्यक्ष झोप साडेपाच तासांचीच होत होती. उकाडा, डास, रस्त्याचा आवाज, दाटीवाटी. झोप तुकड्यातुकड्यांत मिळत होती.

संशोधकांनी काहींना डोळ्यांवरची पट्टी, कानातले बोळे, पंखा अशा वस्तू दिल्या आणि झोपेबद्दल सल्ला दिला. रात्रीची झोप सरासरी २७ मिनिटांनी वाढली. पण आश्चर्य असे की त्याने कामात किंवा तब्येतीत फारसा फरक पडला नाही. वाढलेली झोपही तशीच तुटक होती. याउलट दुपारी कामाच्या ठिकाणी शांत जागेत अर्धा तास डुलकी घेण्याची सोय दिली, तेव्हा कामाचा वेग, लक्ष आणि मन:स्थिती तिन्ही सुधारले. झोपेचे तास मोजताना ती किती सलग आहे हेही पाहावे लागते. रात्रपाळी करणारे, पहाटे पाण्यासाठी उठणाऱ्या बाया, अभ्यासिकेत जागणारी मुले यांनी दुपारच्या छोट्या झोपेला आळस समजू नये. झोप अर्ध्या तासाच्या पुढे मात्र लांबवू नये, नाहीतर उठल्यावर जड वाटते आणि रात्रीची झोप पुढे जाते.

झोपताना उद्याची कामे डोक्यात फिरत असतील तर एक साधा उपाय आहे. अमेरिकेत ५७ तरुणांवर केलेल्या एका छोट्या अभ्यासात झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढच्या दिवसांच्या कामांची यादी लिहिणारे, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटे आधी झोपी गेले. पाटीवरचे कागदावर उतरवले की पाटी थोडी मोकळी होते.

ठरवले तर होते, पण कसे ठरवले?

"उद्यापासून चालायला जाईन", "या महिन्यात तंबाखू सोडेन" असे आपण ठरवतो आणि आठ दिवसांत ते विरते. मग आपल्यात इच्छाशक्तीच नाही असे म्हणून स्वत:ला बोल लावतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलवित्झर यांनी दाखवले की ठरवण्याच्या पद्धतीनेही मोठा फरक पडतो. नुसते 'मी करीन' म्हणण्यापेक्षा 'अमुक वेळ आली, अमुक घडले, की मी अमुक करीन' असे जोडून ठरवले तर ते हातून घडण्याची शक्यता वाढते. अशा ९४ चाचण्या एकत्र करून २००६ मध्ये आढावा घेतला गेला, त्यातही चांगला परिणाम दिसला. कारण सरळ आहे. आठवण ठेवण्याचे काम पाटीवरून काढून आपण त्या प्रसंगावर सोपवतो.

अमेरिकेतल्या एका कंपनीत कामगारांना फ्लूची लस मोफत मिळणार होती. काहींना पाठवलेल्या पत्रात लसीकरणाचा दिवस आणि वेळ लिहून ठेवायला मोकळी जागा दिली. नेहमीचे पत्र मिळालेल्यांपैकी ३३ टक्के लोकांनी लस घेतली, दिवस आणि वेळ लिहायला सांगितलेल्यांपैकी ३७ टक्के. खर्च एका ओळीच्या छपाईचा.

सवय लागायला किती दिवस लागतात? एकवीस दिवस, असे सर्रास सांगितले जाते. लंडनमध्ये ९६ जणांवर केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवसांचा आला, आणि माणसागणिक तो १८ पासून २५४ पर्यंत होता. मधला एखादा दिवस चुकला तर सवय मोडत नाही, हेही त्यात दिसले. त्यामुळे तीन आठवड्यांत जमले नाही म्हणून खचून जाऊ नये.

श्वासाकडे लक्ष

आपल्या वाचकांपैकी अनेक जण विहारात आनापान करतात. ध्यानावरच्या ४७ चाचण्यांचा आणि त्यांतल्या ३,५१५ लोकांचा आढावा २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात आला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत ध्यानाने मध्यम प्रमाणात आराम मिळतो असे त्यात आढळले. लक्ष किंवा झोप सुधारते असे म्हणायला मात्र पुरेसा पुरावा मिळाला नाही, आणि औषध किंवा व्यायाम यांपेक्षा ध्यान वरचढ आहे असेही दिसले नाही. तेव्हा ध्यान जरूर करावे, पण त्याच्या जोरावर चालू असलेली गोळी परस्पर बंद करू नये.

घरात आणि वस्तीत काय करता येईल

* गोळ्या जेवणाच्या ताटाशी किंवा चहाच्या डब्याशी ठेवा. 'रात्री ताट वाढले की आधी गोळी', अशी जोडणी करा.
* हप्ता, फी, अर्जाच्या तारखा मनात न ठेवता भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. मोबाइलमध्ये गजर लावा. घरातल्या दोघांना तरी तारीख ठाऊक हवी.
* मोठा निर्णय, म्हणजे नवे कर्ज, गहाण, मुलीचे शिक्षण थांबवणे, भांडणाच्या किंवा वसुलीवाला दारात आल्याच्या दिवशी घेऊ नका. एक रात्र जाऊ द्या, विश्वासातल्या माणसाशी बोला.
* परीक्षेच्या काळात मुलांसमोर उधारीची चर्चा टाळा. मूल ऐकत नाही असे वाटते, पण तेही हिशेब करत बसते.
* अभ्यासाला बसताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. एकच खोली असेल तर तो बंद करून घरातल्या मोठ्या माणसाकडे द्या.
* जात प्रमाणपत्र, पडताळणी, शिष्यवृत्ती, आरोग्य योजना यांचे अर्ज भरायला विहारात किंवा समाजमंदिरात महिन्यातून एक दिवस ठरवा. शिकलेल्या मुलांनी शेजारी बसून अर्ज भरून द्यावा. अर्ज किचकट असला की सर्वांत आधी तोच गळतो ज्याला त्याची सर्वांत जास्त गरज आहे.
* माणसाला त्याच्या कर्तबगारीची आठवण करून द्या. न्यू जर्सीतल्या एका मोफत अन्नछत्रात काही लोकांना आयुष्यातली अभिमानाची एखादी गोष्ट बोलून दाखवायला सांगितली. नंतरच्या कसोट्यांत त्यांनी इतरांपेक्षा चांगले गुण मिळवले आणि सरकारी योजनेची माहितीपत्रके जास्त जणांनी मागून घेतली. मुलाखतीला निघालेल्या मुलीला "घाबरू नकोस" म्हणण्यापेक्षा "दहावीला पाणी भरून, स्वयंपाक करून तू अभ्यास केलास, आठवते ना?" असे म्हणणे अधिक कामाचे.

मदत कधी मागावी

चिंता सगळ्यांनाच असते. पण दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ झोप उडाली असेल, भूक मेली असेल, कशातच मन लागत नसेल, रोजची कामे थांबली असतील, दारू वाढली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. सरकारी जिल्हा रुग्णालयांत मानसिक आरोग्य विभाग असतो. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य उपलब्ध आहे आणि मराठीतही बोलता येते. जगणे नकोसे झाल्याचे कोणी बोलून दाखवले तर त्याला एकटे सोडू नका. वाद घालू नका, उपदेश करू नका. ऐका आणि त्याच्याबरोबर दवाखान्यात जा.

वर दिलेले उपाय उपयोगी आहेत, पण त्यांची मर्यादाही ओळखली पाहिजे. तमिळनाडूतल्या शेतकऱ्यांचे गुण कोणत्याही शिबिराने वाढवले नव्हते, ते उसाचे पैसे हातात आल्यावर वाढले. ओडिशातल्या मजुरांना वेळेआधी मजुरी मिळाली. हरदोईच्या मुलांना, जात कोणी विचारली नाही तेव्हा, आपली बुद्धी वापरता आली. रोजगार हमीची मजुरी महिनोन् महिने थकते, शिष्यवृत्ती वर्ष संपल्यावर खात्यात येते, कंत्राटी सफाई कामगाराचा पगार अडकतो, तेव्हा नुसते पैसे उशिरा येत नाहीत. त्या घरातल्या मुलाचा अभ्यास, आईची गोळी, बापाचा कामावरचा हात, सगळ्यांवर त्याचा भार पडतो. मजुरी वेळेवर मिळावी ही मागणी त्यामुळे आरोग्याचीही मागणी आहे. ग्रामसभेत, कामगार संघटनेत, शाळेच्या पालकसभेत ती आरोग्याच्या नावानेही मांडली पाहिजे.

आणि यापुढे घरात कोणाच्या हातून दूध उतू गेले, तारीख चुकली, पान पुन्हा पुन्हा वाचावे लागले, तर "लक्ष कुठे असते तुझे?" हा प्रश्न जरूर विचारावा. पण खरोखर उत्तर ऐकण्यासाठी विचारावा.